आढ्याची रेघ

कोकणातलं जुनं घर काढायला बसावं तर आधी छप्पर काढावं लागतं. शाळेत आपण चौकोन आखून त्यावर त्रिकोण ठेवायचो. राजापूर-लांज्याकडच्या एखाद्या वाडीत पाखाडीवर वही मांडून बसलं, की हा क्रम उलटा होतो. घर उताराला, आपण वरच्या अंगाला. समोर येतं ते कौलांचं भलंमोठं पाखं आणि त्याखाली पडवीतल्या काळोखाची पट्टी. भिंत दिसलीच तर जराशी. चार महिने कोसळणारं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं, म्हणून छप्पर असं खाली ओढलेलं. पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावंच लागतं.

मी या कामात अगदी नवा आहे. माझ्याजवळ एक एचबी, एक टूबी, एक सिक्सबी, खोडरबर आणि साधी वही आहे. पेन्सिलीची कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून होते. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये ती कृती काढली. माती जास्त तर कांडी कडक आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. मातीचं घर मातीच्याच कांडीने काढायचं, याचं मला फार सुख वाटतं.

पहिली रेघ आढ्याची. पेन्सिल हात लांबवून आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि तिच्या कडेशी आढं ताडून पाहायचं. तेव्हा कळतं की आढं सरळ नाही. एका टोकाशी उंच, मग हलकेच खाली आलेलं, मध्ये पुन्हा वर, पुन्हा खाली. लाकूड वर्षानुवर्षं कौलांचा भार घेत दोन आधारांच्या मध्ये वाकत जातं, आणि जिथे खालून खांब किंवा भिंत लागते तिथे तग धरून राहतं. म्हणजे ही रेघ जिथे जिथे वर येते, तिथे तिथे आत कुणीतरी उभं आहे. बाहेर बसून मला माजघराची भिंत कुठे असेल ते दिसू लागलं. तेव्हापासून मी घराची कडा काढत नाही. कोण कुणाला तोलून धरतं ते शोधत जातो. कौलं रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि भिंतीवर, आढं खांबावर, खांब जोत्यावर. या वाटेने पेन्सिल उतरली की घर कागदावर नीट बसतं. फूटपट्टीने आखलेलं आढं नव्या घराला शोभेल.

पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांची मला इथे आठवण होते. १७९०च्या दशकात त्यांनी इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळ आणि कार्ल्याची लेणी कागदावर उतरवली. लेण्यांमधले दगडी खांब डोंगरातूनच कोरलेले. त्यांना वर नेऊन ठेवलेलं छप्पर तोलावं लागत नाही. फणसाच्या आणि किंजळाच्या खांबांना मात्र रोज ते काम आहे, आणि काढताना ते ओझं जाणवतं.

कौलं एकेक काढायची नसतात. पाख्याच्या उताराने धावणाऱ्या थोड्या रेघा, वळचणीशी ठळक, वर जाताना विरत जाणाऱ्या. बाकीची डोळा भरून काढतो. जांभ्याचंही तसंच. चिरा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर राहून कठीण होत जातो. त्याची छिद्र न् छिद्र टिपायला गेलं तर जोतं मुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं. दोन-चार चिरे मनापासून काढावेत, सांधे सुचवावेत आणि पुढे जावं. पडवीतल्या काळोखासाठी मात्र सिक्सबी हवी आणि हात सैल सोडायला हवा. हा काळोख मला सगळ्यात आवडतो. त्याशिवाय छपराला वजन येत नाही.

गडग्यापलीकडून घरच्या आजींनी विचारलं, "काय हो, मोजणी कसली चाललीय?" वही घेऊन घराकडे टक लावणारा माणूस म्हणजे जमिनीची भानगड, ही शंका इकडे रास्तच आहे. "मोजणी नाही आजी, चित्र काढतोय." त्या जवळ आल्या, वही हातभर लांब धरून पाहिलं. आढ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं माजघर. खाली भिंत हाय ना." मग थोडं थांबून, "गोठा नाय घेतलात?"

या घराचं छप्पर येत्या उन्हाळ्यात उतरणार आहे. वानरं कौलं फोडतात, पावसाळ्याआधी ती परतायला गडी मिळत नाही, मुलं मुंबईला. पत्रा येईल. मला त्याचं वाईट वाटतं, पण गळत्या घरात पावसाळा काढणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडाने काही सांगू? ज्यांना पेन्सिल धरता येते त्यांनी या घरांसमोर आत्ताच बसावं, एवढं मात्र मी आग्रहाने म्हणेन. फोटोत आढ्याचा बाक येतो, पण तो इतका वेळ कुणी पाहत बसत नाही.

गोठ्याकडे वळलो तर वेगळंच छप्पर. घरावरची चपटी कौलं मंगलोरी. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि मग ही कौलं किनाऱ्याने सगळीकडे पसरली. गोठ्यावर अजून जुने अर्धगोल नळे आहेत, एक उताणा, एक पालथा. प्रत्येक नळ्याला आपली सावली, आणि ती मला अजून जमत नाही. आजींनी गाय बाहेर बांधली आणि बसायला पाट आणून दिला. सिक्सबीला टोक काढून मी डावीकडच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आहे.