पांचवी जागा

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही एका जुन्या पिकअप गाडींतून शिरूरहून कच्छच्या रणापर्यंत जाऊन आलों, ही वार्ता शाळेंत पसरल्यापासून त्या प्रवासाविषयीं कांहीं लिहावें असा विद्यार्थ्यांचा आग्रह चालू आहे. प्रवासवर्णनें पुष्कळ असतात. परंतु निघण्यापूर्वीं गाडी कशी निवडावी व तिच्यांत काय भरावें हें फारसें कोणी सांगत नाहीं. मला जें शिकावयास मिळालें तें बहुतेक निघण्यापूर्वींच मिळालें, आणि तेंही एक चूक करून मिळालें. तीच हकीगत येथें सांगावी असें योजिलें आहे.

शिरूर तालुक्यांत पिकअप गाडी ओळखीची नाहीं असें घर विरळा. पहाटे कांदा घेऊन बाजारास जाणारी तीच, चारा आणणारी तीच, आणि शर्यतीचे बैल मिरवीत नेणारीही तीच. महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीपगाड्या जोडावयास घेतल्या. त्या घराण्याच्या कणखर गाड्या पुढें आपल्या खेडोपाडीं रुळल्या. माझा मुलगा व माझ्या मेहुण्यांचा मुलगा यांचें मन टोयोटाच्या हायलक्सवर जडलें होतें. ती २०२२ सालीं भारतांत आली. परंतु शिक्षकाचा पगार मुलांच्या मनाबरोबर धांवत नाहीं. शेवटीं कोणत्याही गांवचा मिस्त्री दुरुस्त करूं शकेल अशी, वापरलेली गाडी घ्यावी, असें ठरलें.

माझे मेहुणे घोड नदीच्या कांठीं शेती करतात व वीस वर्षें पिकअप चालवितात. ते मला म्हणाले, "दाजी, गाडी घ्यायची ती पोटाकडून बघायची, तोंडाकडून नाहीं." खरोखरच ते प्रत्येक गाडीखालीं आधीं आडवे होत. सांगाडा गंजला आहे काय, मागल्या पाट्यांस तडा आहे काय, कोठें नवा जोड देऊन वर रंग फांसला आहे काय, हें पाहून मगच ते इंजिन चालू करण्यास सांगत, आणि तेंही थंड असतांना. काळा धूर आला तर डिझेल पुरतें जळत नाहीं. निळसर आला तर इंजिन तेल खात आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाहीं तर आंत पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा, इतकें मी त्यांच्यापासून शिकलों. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नक्षी कोरी दिसली तरी रबर वयानें जुनें होतें.

दोन प्रश्नांवर आमच्यांत वाद झाला. पहिला, चारही चाकांस जोर असणारी गाडी घ्यावी कीं मागल्या दोन चाकांस असणारी? मुलें अर्थातच पहिल्या पक्षाचीं. मेहुण्यांनीं विचारलें, "हजार किलोमीटरांपैकीं चिखल किती?" आमची वाट नाशिक, सापुतारा, सुरत, अहमदाबाद अशी बहुतेक डांबरी. तेव्हां जास्त वजनाची व जास्त किंमतीची गाडी घेण्याचें कारण उरलें नाहीं. दुसरा प्रश्न केबिनीचा. एकेरी केबिनीच्या गाडीचा हौदा लांब असतो, पण बसावयास चालकाखेरीज एकदोघांसच जागा. दुहेरींत पांच जण बसतात, पण तितकाच हौदा आखूड होतो. मालवाहू गाडीच्या हौद्यांत माणसें बसविणें कायद्यास मान्य नाहीं, व तें शहाणपणाचेंही नव्हे. माझ्या पत्नीस रुग्णालयांतून रजा मिळण्यासारखी नव्हती. तेव्हां आम्ही दोघे व दोन मुलें असे चौघे जाणारे. म्हणून दुहेरी केबिनीची गाडी घेतली. पांचवी जागा सामानास होईल, असें मींच म्हटलें.

गाडी दारीं आली आणि मला सजावटीचा छंद लागला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ नोंदलेल्या रचनेंत मालकास मनास येईल तसा फरक करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हेंच बजावलें. म्हणून कांहींएक न कापतां वा न जोडतां, काढतां-घालतां येतील अशा लांकडी पेट्या करून त्या पट्ट्यांनीं हौद्यांत बांधावयाच्या असें ठरविलें. माझे आजोबा शिरूरच्या मिशनच्या औद्योगिक शाळेंत सुतारकाम शिकले होते. त्यांचा रंधा व पटाशी मीं माळ्यावरून काढलीं. एक पेटी भांड्यांची, एक शिध्याची, एक हत्यारांची. येथपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें मात्र माझें वहीवरचें टिपण वाढत गेलें. टपावर उघडणारा साठ किलोंचा तंबू आला. नळ सोयीचा पडावा म्हणून हौद्याच्या अगदीं शेवटच्या टोंकास १५० लिटर पाण्याची टांकी आली. दोन स्टेपन्या आल्या. लहानसा फ्रीज आला. त्याच्यासाठीं दुसरी बॅटरी आली. आणि दोन्हीं पांचव्या जागेवर विराजमान झालीं.

दौंडला माझे वडील राहतात. त्यांस भेटावें व गाडीची परीक्षाही व्हावी, या हेतूनें डिसेंबरच्या एका शनिवारीं सर्व सामान भरून मी व मेहुणे निघालों. न्हावऱ्यापुढें मेहुणे म्हणाले, "दाजी, स्टेअरिंग फार हलकं लागतंय." मला त्यांत गाडीचा गुणच दिसला! पारगांवाजवळ भीमेचा पूल ओलांडला, आणि पुढें एका गतिरोधकावर मागें कडाड् असा आवाज झाला. मागल्या पाट्यांपैकीं एक तुटला होता. पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जात जात, चौफुल्यावरून दौंडला पोहोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती.

माझे वडील आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दौंडच्या इंजिनशेडमध्यें सफाईचें काम करीत ते नोकरीस लागले, पुढें फायरमन झाले व वाफेचीं इंजिनें गेल्यावर डिझेलवर राहिले. १८७८ सालीं सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग त्यांस आपल्या अंगणासारखा ठाऊक. त्यांनीं बॅटरी हातांत घेऊन गाडीभोंवतीं एक फेरी घातली, टांकीवर हात ठेविला आणि म्हणाले, "आमच्या इंजिनामागं किती ओझं लावायचं हें कोणाच्या मनावर नसे. कागदावर लिहिलेलं असे. तुझ्या गाडीचा कागद काय म्हणतो?"

मीं शाळेंत तरफेचा नियम शिकवितों. तो मला त्या रात्रीं अंगणांत नव्यानें शिकावा लागला. समजा, गाडीच्या पुढच्या व मागच्या आंसांत तीन मीटर अंतर आहे, आणि मागल्या आंसाच्याही मागें एक मीटरवर १५० किलोंचें ओझें ठेविलें आहे. तर मागल्या चाकांवर १५० नव्हे, २०० किलो भार वाढतो आणि पुढल्या चाकांवरील ५० किलोंनीं कमी होतो. पुढलीं चाकें वळण देणारीं. तींच उचलल्यासारखीं झालीं म्हणून स्टेअरिंग हलकें लागत होतें, आणि मागले पाटे मुकाट्यानें सोसत होते. ज्यास मी गुण समजलों तीच धोक्याची सूचना होती.

परंतु खरी चूक पुढेंच कळावयाची होती. बाबांनीं केबिनीचें दार उघडलें, आंत पाहिलें व विचारलें, "ही पांचवी जागा कोणाची?"

"सामानाची," मीं म्हटलें.

"बरं," एवढेंच म्हणून त्यांनीं दार हळूच लावलें.

जेवण झालें. रात्रभर दौंडला गाड्या येत-जात असतात. त्यांचा आवाज ऐकत मी जागा होतों. लहानपणीं बाबा कामावरून आले म्हणजे मी विचारीत असें, "आज कोठें गेलां होतां?" आणि ते म्हणत, "रूळ नेतील तिथं." रेल्वेच्या पासावर त्यांनीं पुष्कळ मुलूख पाहिला होता, पण ठरल्या वेळीं निघून ठरल्या ठिकाणीं उतरण्याखेरीज दुसरा प्रवास त्यांस ठाऊक नव्हता. जेथें रेल्वे जात नाहीं अशा ठिकाणीं एकदां जावें, असें आई असतांना ते म्हणत. आम्ही ज्या खडीर बेटाकडे निघालों होतों तेथें रेल्वे नाहीं. गाडी घेतांना सांगाडा, धूर, टायर सर्व मीं तपासलें; कोणास न्यावयाचें हें मात्र तपासलें नाहीं. बाप घरीं आणि फ्रीज गाडींत, असा माझा हिशेब झाला होता.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्र्याकडून नवा पाटा बसविला आणि गाडी वजनकांट्यावर नेली. प्रथम फक्त मागलीं चाकें कांट्यावर उभीं केलीं, मग सबंध गाडी. एकूण वजन नोंदणीच्या कागदांतील मर्यादेच्या आंत होतें; पण मागल्या आंसावरचा भार माहितीपुस्तकांतील आंकड्याच्या पुढें गेला होता. मग अंगणांत सर्व सामान उतरवून ठेविलें. मेहुण्यांच्या शेजारचा एक चालक दरवर्षीं आषाढीस पंढरपूरच्या वाटेनें एका दिंडीचें सामान वाहतो. यवत, वरवंड अशा मुक्कामीं शेंकडों माणसांचा स्वयंपाक ज्यांतून उतरतो, ती गाडी भरण्याची त्याची रीत मेहुण्यांनीं सांगितली: जड तें तळाशीं व केबिनीलगत, हलकें तें वर, आणि प्रथम लागेल तें शेवटीं भरावें. त्याप्रमाणें आम्हीं सर्व नव्यानें मांडलें.

टपावरचा तंबू काढला. उंचावरचें ओझें वळणावर गाडीचा तोल बिघडवितें. रात्रीं धर्मशाळेंत वा लहान खोलींत राहावें असें ठरलें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वाटेंत रोज पाणी मिळणारें, म्हणून १५० लिटरांऐवजीं पन्नास लिटरांचे कॅन केबिनीच्या पाठीशीं ठेविले. एक स्टेपनी ठेविली, दुसरी काढली. जॅक, त्याच्याखालीं मऊ जमिनीवर ठेवावयास जाड फळी, फावडें, ओढण्याचा दोर, हवा भरण्याचा लहान पंप, इंजिनाचा पट्टा, डिझेलचा फिल्टर, औषधांची पेटी व आग विझविण्याचें नळकांडें, एवढें मात्र एकही न वगळतां घेतलें. फ्रीज व दुसरी बॅटरी दौंडलाच राहिलीं. मग मीं बाबांस म्हटलें, "पांचवी जागा रिकामी झाली आहे. तुम्ही येतां का?" ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारतो," आणि लगेच चपला घालूं लागले.

डॉक्टरांनीं रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर देऊन परवानगी दिली. मुलांस आधीं लडाख हवें होतें. पण मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता हिवाळ्यांत बर्फानें बंद असतो, आणि ती उंची बाबांच्या वयास सोसणारी नव्हे. रणाची भूमि समुद्रसपाटीच्या जवळ, आणि हिवाळ्यांत कोरडी. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही निघालों. पुढलीं चाकें रस्त्यास नीट धरून होतीं. तीन मुक्कामांनंतर रापरवरून खडीर बेटावर पोहोंचलों.

धोलावीरा येथें सिंधु संस्कृतीचें प्राचीन नगर उत्खननांत सांपडलें आहे. २०२१ सालीं जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. पावसाळी ओढ्यांचें पाणी बांध घालून वळवावें व नगराभोंवतीं खोदलेल्या हौदांत सांठवावें, अशी तेथील लोकांची योजना होती. एक हौद तर सत्तर मीटरांहून अधिक लांब आहे. बाबा त्याच्या कांठीं बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पाणी भरण्यासाठीं आम्ही इंजिन थांबवत होतों. ह्यांनीं पाण्यासाठीं सगळं गांवच मांडलं." इतिहासाचा धडा मीं अनेकदां शिकविला आहे; इतक्या थोडक्या शब्दांत कधीं सांगितला नव्हता.

परततांना खावड्याकडे जाणारा सरळ रस्ता धरला. दोन्ही बाजूंस पांढरें रण. मुलांस गाडी त्यावर उतरवावयाची होती. वाळू असती तर टायरांतील हवा कांहींशी कमी करून जातां येतें. टायर पसरतो, टेकण्याची जागा वाढते व भार वांटला जातो. मात्र पुन्हां डांबरावर येतांच हवा भरावी, नाहींतर टायर तापतो. पण रणांत वर मिठाचा पापुद्रा व खालीं ओला चिखल असतो. तो गाडी गिळतो. आम्ही रस्त्यावरच राहिलों.

वाटेंत एके ठिकाणीं बाबा म्हणाले, "इथं जरा थांबव." तेथें कांहींच नव्हतें, ना गांव, ना झाड. मीं विचारलें, "काय हवं आहे?" ते म्हणाले, "कांहीं नाहीं. सिग्नल नसतांना थांबून बघायचं होतं." ते खालीं उतरले, पांच मिनिटें उभे राहिले, आणि पुन्हां आपल्या जागेवर येऊन बसले.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं पुष्कळजण पुढें दूरदूरचे प्रवास कराल व माझ्या गाडीहून उत्तम गाड्या घ्याल. गाडी खालून तपासा, ओझें कांट्यावर तोला, जड तें तळाशीं ठेवा. पण टिपणवहींत पहिल्या ओळीवर सामान लिहूं नका. कोण बरोबर येणार आहे हें आधीं लिहा. आणि घरांत कोणी न बोलतां दार हळूच लावीत असेल, तर त्यास निघण्यापूर्वींच विचारा.