पायलीखालचा दिवा

धर्मशिक्षण म्हटलें कीं, एकानें सांगावें व इतरांनीं मुकाट्यानें ऐकावें, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. प्रभु येशूची शिकविण्याची रीत मात्र निराळी होती. त्यानें पेरणारा दाखविला, मोहरीचा दाणा दाखविला, पिठांतील खमीर दाखविलें. कर द्यावा कीं न द्यावा, असा पेंच पडला तेव्हां त्यानें नाणें मागवून घेतलें. आणि मोठा कोण, असा वाद शिष्यांत निघाला तेव्हां एक लहान मूल मध्यें उभें केलें. त्याच्याही शेंकडों वर्षें पूर्वीं यिर्मया संदेष्ट्यानें लोकांसमक्ष मातीचें मडकें फोडलें व यहेज्केलानें विटेवर यरुशलेम शहर रेखाटलें. वस्तूवरून पाठ देण्याची ही रीत कांहीं आजकालची नव्हे.

महाराष्ट्रासही ती परकी नाहीं. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनीं 'दृष्टांतपाठां'त एकत्र केले. हत्ती व आंधळे यांची गोष्ट त्यांतच आहे. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'साठीं ओवी निवडली; आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ताची कथा लोकांपुढें मांडण्यास भजन-कीर्तनाची वाट धरली. ऐकणाऱ्याच्या घरांतील ओळखीच्या पात्रांतच सत्य वाढावें, हें या सर्वांनीं जाणलें होतें.

आम्हांसही रविवारच्या वर्गासाठीं वस्तू शोधावयास इस्लापूर सोडून दूर जावें लागत नाहीं. शेतांत ज्वारी व कापूस आहे, रानांत साग आहे. पावसाळ्यांत सहस्रकुंडास काळ्या खडकांवरून अनेक धारांनीं कोसळणारी पैनगंगा पुढें पुन्हां एकच नदी होऊन वाहते. मंडळी अनेक जनांची असूनही एक कशी, हें तेथें उभें राहून मुलांस लवकर समजतें.

एका रविवारीं आम्हीं वर्गांत दोन पणत्या लावल्या. एक उघडी ठेविली व दुसरीवर पायली पालथी घातली. दिवा मापाखालीं ठेवूं नये, हें वचन सर्वांस पाठ होतें. कां ठेवूं नये, असें विचारतां, "दुसऱ्यांस उजेड मिळत नाहीं म्हणून," असें उत्तर आलें. थोड्या वेळानें पायली उचलली, तों पणती विझलेली! तेल होतें, वात होती. परंतु कोंडलेल्या जागेंत ज्योतीस हवा पुरली नव्हती. तेव्हां मागच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, म्हणजे झांकलेला दिवा आपल्यापाशींही राहत नाहीं." हा अर्थ आम्हीं सांगितला नव्हता.

परंतु येथें एक धोका आहे. कित्येक शिक्षक औषधाची पूड टाकून रंगीत पाणी स्वच्छ करतात व पापक्षमा समजावितात. मुलें टाळ्या पिटतात; पण घरीं जातांना तीं पुडीचाच विचार करीत जातात. पाहणें संपल्यावर करणें सुरू झालें नाहीं, तर वस्तुपाठ हा जादूचा खेळ होतो. आज तर मोबाइलवर याहून मोठीं नवलें घरबसल्या दिसतात. त्या शर्यतींत धर्मशिक्षकानें उतरण्याचें कारण नाहीं.

म्हणून त्या दिवशीं मुलांनीं एक नेम केला. दर आठवड्यास प्रत्येकानें घरून मूठभर ज्वारी आणावी व ती गांवांतील एका निराधार म्हातारीस मुलांनींच पोंचवावी. एका मुलाच्या घरीं रोजच्या मजुरीवर चूल पेटे. त्याची मूठ कधींच भरलेली नसे, आणि कांहीं मुलें त्यास हंसत. तो कांहीं बोलला नाहीं. पुढें उन्हाळा आला, शाळेस सुटी लागली, ज्वारी नेणारीं मुलें गांवोगांव पांगलीं. सुटीनंतर म्हातारीकडे गेलों तेव्हां कळलें कीं, तो मुलगा रोज सायंकाळीं तिच्या दोन घागरी भरून ठेवीत होता. त्या रविवारीं विधवेच्या दोन टोल्यांचा दाखला शिकवावयाचा होता. आम्हीं त्या मुलाचें नांव घेतलें नाहीं. वस्तूही कोणती आणली नाहीं. हंसणाऱ्या मुलांनीं आपण होऊन माना खालीं घातल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून घागरी भरावयास चौघे जण जाऊं लागले.

वडील मंडळींस शेवटीं एक विनंति. आमचा वर्ग आठवड्यांतून एक तास भरतो. तुमचा रोज भरतो. दारीं आलेल्या मजुराशीं तुम्ही कसें बोलतां, धान्य मोजून देतांना पायली शिगोशीग भरतां कीं कमी, हें मूल पाहत असतें. आम्ही पणती लावूं; तिला हवा मिळत राहील, एवढें तुम्ही घरीं पाहावें.