टाका पिकला, दोष कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले आणि टाका पिकला, की पहिला प्रश्न ठरलेला, "काय खाल्लं होतं?" भात खाल्ला, वांगे खाल्ले, डाळ खाल्ली. दोष शेवटी ताटावर जातो. आमच्या वहिनींचे सिझर झाले तेव्हाही तेच. घरी आल्यावर ताप भरला, टाक्यांतून पू येऊ लागला. आईने भात बंद केला, शेजारणींनी डाळ बंद करवली. ओली बाळंतीण कोरड्या भाकरीवर आली. मग पुन्हा दवाखाना, रोजचे ड्रेसिंग. सोयाबीन काढणीची सगळी मजुरी त्यात गेली.

भाताने पू होत नाही. पू होतो जंतूंनी, आणि ते हातांतून, अवजारांतून, कधी आपल्याच कातडीवरून जखमेत शिरतात. युरोपातल्या शिकलेल्यांनाही हे लवकर पटले नव्हते. व्हिएन्नाच्या इस्पितळात सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त दगावत. दोष हवेला दिला गेला, बाईच्या भित्रेपणालाही दिला गेला. डॉक्टर मुडदे चिरून तसेच बाळंतिणीला तपासत, हे डॉ. सेमेलवाइस यांनी ओळखले. 1847 साली त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. मोठ्या डॉक्टरांना मात्र राग आला. आमचे हात घाण?

जानेवारी 2019 मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होऊन पाच जणांचा एकेक डोळा गेला. तिथे काय वांगे नडले? आपल्यासारख्या देशांत ऑपरेशन झालेल्या शंभरांपैकी 11 जणांना असा संसर्ग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितले.

तेव्हा मायबहिणींनो, ऑपरेशनआधी साबणाने आंघोळ करा, पण घरी ब्लेडने केस काढू नका. रोग्याच्या खाटेवर चार पाहुणे बसवू नका. टाक्यावर हळद, राख नको. महिनाभरात ताप, लाली, पू, घाण वास यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळंतिणीला पोटभर जेवू द्या, जखम अन्नानेच भरते.

विचारायची मात्र आपल्याला भीती वाटते. हाकलून दिले तर? आता वस्तीतले कुणी भरती झाले की आम्ही सोबत साबणाची वडी देतो आणि ड्रेसिंगच्या वेळी विचारतो, "ताई, हात धुतले ना?" एक सिस्टर चिडल्या. दुसऱ्या हसल्या आणि नळाकडे गेल्या.