वाटेवरची घंटा

ठाणे-भिवंडी रस्त्यावरील कशेळीच्या पुलावरून आम्ही अनेकदा जातो. एका स्नेह्याच्या मोटारीत वेगकॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारे यंत्र आम्ही पाहिले. कॅमेरा जवळ येताच ते किणकिणते, चालक वेग उतरवितो. कॅमेरा मागे पडला की पुन्हा चढवितो. दंड वाचतो. पण सायकलवरून यंत्रमागावर निघालेल्या कामगाराची चाहूल त्या यंत्राला लागत नाही. वेगमर्यादा तर त्याच्याच प्राणासाठी आहे! १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभेने वेगाच्या हव्यासापायी इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानला आहे. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांना दहा आज्ञा दिल्या. हत्या करू नये, ही त्यांतील पहिली. कॅमेरा एखाद्या खांबावर असतो. सदसद्विवेकबुद्धीची घंटा वाटभर वाजत असते. तीच आम्हां सर्वांना ऐकू यावी, ही प्रार्थना.