तेलाची बाटली

अण्णांची ती बाटली काचेची होती, मुंबईहून कुणीतरी दिलेल्या औषधाची. दिवाळी जवळ आली की ते ती राखेनं घासायचे, उन्हात वाळवायचे, काठोकाठ तेल भरायचे. धनत्रयोदशीला धडगावहून आम्ही बापलेक अस्तंब्याला निघायचो.

सातपुड्याचं ते शिखर १३२५ मीटर उंच. कपाळीची जखम घेऊन अश्वत्थामा तिथं तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. रात्री डोंगरावर माणसांची रांग लागायची. माथ्यावर अण्णा बाटली उपडी करायचे, थेंब न थेंब गळेपर्यंत थांबायचे, मग रुमालात गुंडाळून परत पिशवीत ठेवायचे. "मागणाऱ्याला तेल द्यायचं, बाटली नाही," म्हणायचे.

उतरताना ओढ्याकाठी एक पावरा आजी सीताफळं घेऊन बसायची. खाकऱ्याची, म्हणजे पळसाची, दोन पानं एकावर एक ठेवायची, कडा दुमडायची आणि बांबूची बारीक काडी अशी टोचायची, की टोक आतच राहायचं, बोटाला लागायचं नाही. त्या द्रोणात फळ फोडून द्यायची. बिया तिथंच थुंकायच्या, द्रोण तिथंच टाकायचा; पुढच्या पावसाळ्यात त्याची माती व्हायची. शेजारी वाळूत झिरा होता. ती तळहातानं वाळू बाजूला सारायची, गढूळ पाणी उपसून टाकायची आणि निवळ पाणी चढेपर्यंत गप्प बसायची. आम्हीही बसायचो. थांबायचं कसं, हे मी तिथं शिकलो.

आता घाटातून गाड्या वर येतात. गुजरातेतून, मध्य प्रदेशातून लोक येतात. त्यांची श्रद्धा माझ्या अण्णांच्या श्रद्धेपेक्षा कमी आहे, असं मी म्हणणार नाही. पण डोंगर तेवढाच आहे. उभ्या चढावर हजारो पावलं पडली की आधी गवत जातं, मग मुरूम सुटतो, आणि पावसाचं पाणी त्याच वाटेनं धावून वाटेची घळ करतं. दिवाळीत गवत वाळलेलं असतं. टेंभ्याची एक ठिणगी पुरते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. आमच्या डोंगराला असा नाका नाही. तोरणमाळलाही उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी होते, पण तिथं निदान कचरा उचलायला गाडी जाऊ शकते. अस्तंब्याच्या उतारावरचा कचरा कोण उचलणार? यात्रेकरू दोन रात्रींत परततात. उरलेलं पाड्यावरची माणसं पेटवतात, आणि तो काळा, घशाला खवखवणारा धूर त्यांच्याच घरांत शिरतो. मला याचा राग येतो.

अण्णा गेले त्या वर्षी मी एकटाच गेलो. आजीच्या जागेवर वेफर्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, आणि पाण्याच्या बाटल्या रचून एक पोरगा बसला होता. आजीबद्दल विचारलं. "गेली," म्हणाला, तो तिचाच नातू. त्याच्या हातून बाटली काढून घ्यावी आणि खाकऱ्याचं पान द्यावं, हे सांगायचा अधिकार मला कुठला? यात्रेच्या चार दिवसांत त्याला दोन पैसे मिळतात.

झिरा शोधला. प्लास्टिकचा ढीग बाजूला केला, चिकट वाळू उकरली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग बोटांना गार लागलं. तळाशी अर्धी वाटी पाणी चढलं, वर तेलकट तवंग. उपसून टाकलं, पुन्हा बसलो. पोरगा येऊन पाहत उभा राहिला. "दादा, हे पिऊ नका," म्हणाला, आणि एक बाटली पुढे केली. पैसे घेतले नाहीत.

मी ती घेतली, पाणी प्यायलो आणि रिकामी बाटली पिशवीत टाकली, अण्णांच्या बाटलीशेजारी. पोरगा वाकला. त्यानं झिऱ्यात हात घातला आणि एक ओंजळ वाळू वर काढली.