काठावरचं जेवण आणि प्यायचं पाणी

वऱ्हाडाला समुद्र नाही, पण पाण्याच्या काठावर बसून खायची हौस आपल्याला काही कमी नाही. अमरावतीत संध्याकाळी वडाळी किंवा छत्री तलावाकडे फिरायला गेलं की पाय आपोआप हातगाड्यांकडे वळतात. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या धरणाकडे खास मासे खायला जाणारी मंडळी आहेत. तेल्हारा-अकोटकडची माणसं वारी हनुमानाला वान नदीच्या काठी रोडगे करतात. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रा भरते, तेव्हा घरोघरच्या शिदोऱ्या तिथंच सुटतात.

आपण शिक्षक मंडळी सहलीनंतर मुलांना निबंध लिहायला सांगतो. त्यात एक वाक्य हमखास असतं: "आम्ही पाण्याजवळ बसून जेवण केले. खूप मजा आली." आपण लाल पेनानं बरोबरची खूण करतो आणि पुढं जातो. या एका वाक्यात विज्ञान, भूगोल आणि इतिहास असे तिन्ही विषय कसे दडलेले असतात, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमची शाळा खारपाणपट्ट्यातली. मागच्या वर्षी डिसेंबरात ३८ मुलं घेऊन आम्ही अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. त्यातल्या एकाही मुलानं समुद्र पाहिला नव्हता. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो. लोकमान्य टिळकांचा पुतळा दाखवला. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्यांच्यावर याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, हे सांगितलं. मुलांनी "हो सर" म्हटलं, पण सगळ्यांचे डोळे भेळेच्या दुकानांकडे.

वाळूत गोल करून बसलो. भेळ आली. पुरीचाच चमचा करायचा, ही युक्ती पोरांना फार आवडली. "सर, मुरमुरे तं आपलेच हायेत, चटणीच येगळी हाय," असा शेरा एकीनं मारला. शेजारी गुजराती कुटुंब, पलीकडं कॉलेजची पोरं, मागं एक म्हातारं जोडपं कुल्फी खात बसलेलं. टेबल नाही, खुर्ची नाही, कोण मोठा कोण लहान काही कळत नाही. एवढ्या महागड्या शहरात सगळ्यांना एकाच वाळूत बसून खाता येतं, हे मुलांनी न सांगता टिपलं.

तेवढ्यात सातवीतला एक पोरगा लाटेत बोट बुडवून आला आणि बोट चाटून म्हणाला, "सर, हे तं आपल्या हापशीच्या पान्यावानीच लागते! थोडंसं जास्त खारट हाय, बस."

बाकीची पोरं हसली. पण त्याचा पुढचा प्रश्न ऐकून मी घास हातातच धरून बसलो. "मंग सर, इथल्या लोकाईले प्यायचं पानी कोठून येते?"

भेळ खाताना हा प्रश्न मुंबईच्या मुलाला सुचणार नाही. त्याच्या घरी नळ असतो. आमच्या पोराला सुचला, कारण पाणी दिसतं पण पिता येत नाही, हे त्याचं रोजचं जगणं आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा पट्टा असा आहे, की जमिनीखालचं पाणी खारट. माती काळी, खोल, चिकट. पावसाचं पाणी आत मुरत नाही, मुरलं तर लवकर निचरा होत नाही, आणि क्षार तिथंच साचून राहतात. विहीर खणून ओलीत करावं तर जमीनच बिघडते. म्हणून इथं कापूस, तूर, मूग, हरभरा अशी पावसाच्या भरवशाची पिकं. वान धरणातून पाणी आणणारी ८४ खेडी योजना अकोला जिल्ह्यात झाली, ती याच कारणासाठी. आमच्या गावात नळ आला नाही त्या दिवशी विकतचा कॅन, नाहीतर हापशी.

सहलीवरून परत आल्यावर पुढचे तीन-चार तास या प्रश्नालाच दिले. पहिल्या दिवशी नकाशा. मुंबईचं पाणी तुळशी आणि विहार सोडले तर शहराबाहेरून, ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून येतं: तानसा, वैतरणा, भातसा. मुलांनी फळ्यावर चौपाटीपासून भातसापर्यंत रेघ ओढली. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे मी सांगितलं. एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हंजे पानी त्याईचं आन् पेतात दुसरेच?" मी उत्तर दिलं नाही. तिलाच वहीत लिहायला सांगितलं. मग आपल्या जिल्ह्यांकडं आलो. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी पितं, अकोला शहर काटेपूर्णेचं. म्हणजे वडाळीच्या काठी खाल्लेल्या पाणीपुरीतलं पाणीसुद्धा सिंभोऱ्याहूनच आलेलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग. शाळेच्या तराजूवर मीठ मोजलं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ टाकलं की समुद्राइतका खारटपणा येतो. दुसऱ्या भांड्यात २ ग्रॅम, तिसऱ्यात अर्धा ग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे प्यायच्या पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर २,००० मिलिग्रॅम. म्हणजे तिसरं भांडं चांगलं, दुसरं शेवटच्या मर्यादेवरचं. क्षार म्हणजे फक्त खायचं मीठ नव्हे, हे आधी समजावलं आणि मग चमच्यानं चव घेऊ दिली. दुसऱ्या भांड्याची चव घेऊन अर्धा वर्ग ओरडला, "सर, हे तं आमचं रोजचं!"

हसण्यासारखं होतं, पण कोणी फार हसलं नाही. वर्गातल्या एका मुलीचे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला जातात. गावात अशी अजूनही माणसं आहेत. मूत्रपिंडाच्या आजाराची कारणं अनेक असतात, एकट्या पाण्याकडं बोट दाखवणं बरोबर नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं. तरी पाणी मोजून प्यायचं, उकळल्यानं जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, एवढं प्रत्येकाला कळलंच पाहिजे. त्या मुलीनं घरी जाऊन हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, मी तं उकळून देत होतो, वाटे का खार गेला." माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात उपयोगी तास तोच.

तिसऱ्या दिवशी इतिहास. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी मीठ उचललं, हे पाठ्यपुस्तकात आहे. पण वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? आपल्या लोकांनी दहीहांडा गाठलं. अकोला जिल्ह्यातलं हे गाव खाऱ्या विहिरींसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. त्याच १९३० साली तिथल्या विहिरीचं पाणी आटवून मीठ तयार केलं आणि कायदा मोडला. हे ऐकल्यावर पोरांची पाठ ताठ झाली. आजवर ज्या पाण्याची लाज वाटत होती, त्याच पाण्यानं इंग्रजांना आव्हान दिलं होतं.

आता राहिलं काठावरचं जेवण. २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते. त्या दिवशी पूर्णेच्या काठावर रोडग्यांचं जेवण करायचं ठरलं. बाबांचं आणि या नदीचं नातं जुनं. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडं गेलं. पुढं ऋणमोचनच्या यात्रेत हातात खराटा घेऊन ते घाण काढत, आणि तिथं त्यांनी नदीला घाट बांधवला. त्यामुळं या दिवशी काठावर जेवायचं तर उठताना काय करायचं, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले, राख झटकून फडक्यात पुसले, तुपात कुस्करले. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पत्रावळी पळसाच्या, थर्माकोलची एकही नाही. स्वयंपाकाला आणि प्यायला मिळून पाण्याचे चार कॅन गावातून आणले. एका विद्यार्थ्याची आजी रोडगे दाखवायला आली होती. कॅन पाहून ती थांबलीच.

"नदीवर जेवाले पानी घरून आनलं?" तिनं विचारलं. "अरे बाबू, आमी पानी प्याले म्हनून तं नदीवर जेवाले येत होतो! घरची विहीर खारट. इथं रेतीत हातानं झिरा उकरला का गोड पानी लागे. वरण इथंच चांगलं शिजे."

मुलांनी लगेच उकरून पाहायची परवानगी मागितली. दिली. पण उकरायला रेती होतीच कुठं? थोडी रेती, खाली चिखल आणि दगड. रेती बांधकामाला गेली. रेती पाणी धरून ठेवते आणि गाळून देते, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य त्या खड्ड्यापाशी सगळ्यांना एकदम समजलं. आजीच्या काळात नदीवरची पंगत म्हणजे वर्षातून चार दिवस गोड पाणी पोटभर प्यायची सोय होती. आपण आता तिला पिकनिक म्हणतो.

मित्रहो, सहल चौपाटीला न्या, चिखलदऱ्याला न्या नाहीतर गावच्या नाल्यावर. मुलांना भेळ, भजी, रोडगे काय आवडेल ते खाऊ द्या. डोहाजवळ मात्र एक शिक्षक कायम उभा ठेवा. नदीचा तळ काठावरून कळत नाही. आणि जेवण झाल्यावर तिथंच बसून तीन प्रश्न विचारा: आत्ता आपण प्यालो ते पाणी कुठून आलं? समोर दिसतं ते पिता येईल का, नसेल तर का नाही? आपल्या आजी-आजोबांच्या वेळी पिता येत होतं का?

पालकांनाही एक विनंती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडं नाही, ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांकडं आहे. रविवारी मुलांना त्यांच्याजवळ वही घेऊन बसवा. आमच्या वर्गात अशा २६ वह्या जमल्या आहेत. कोणत्या काठावर कधी गोड पाणी लागत होतं आणि ते कधी बंद झालं, त्याची गावाची यादी आता पोरं तयार करत आहेत. पुढच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवायचं त्यांनी ठरवलं आहे.