शंभर दिवसांचं आश्वासन

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. गांजा! सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त बाईंना हे काय सुचलं, असं वाटेल तुम्हाला. पण आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यातली बरीचशी न्यू जर्सीत. तिथल्या एका निवडणुकीतल्या आश्वासनाचं पुढे काय झालं, ते आपल्या घरांना ठाऊक असायला हवं. शिवाय मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. खोड जात नाही!

२०१७ साली न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची निवडणूक होती. गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत हं, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा लोकांनी थेट निवडलेला कारभारी. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते फिल मर्फी. प्रौढांना गांजा कायदेशीर करू आणि तेही पहिल्या शंभर दिवसांत, असं त्यांचं आश्वासन होतं. कारण काय दिलं? चैन नव्हे, न्याय. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण पकडले जाण्याचं काळ्यांचं प्रमाण त्या राज्यात तिप्पट होतं. एका पुडीपायी पोराच्या नावावर गुन्हा लागतो, मग नोकरी मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही.

त्यांच्या आधीचे रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती याच्या ठाम विरोधात होते. पण म्हणून ते नुसते दंडुकेवाले होते असंही नाही. व्यसनामुळे गुन्ह्यात सापडलेल्यांना तुरुंगाऐवजी सक्तीने उपचारांकडे पाठवणाऱ्या कायद्यावर २०१२ साली त्यांनीच सही केली होती. म्हणजे दोघांनाही माणूस वाचवायचाच होता, वाटा वेगळ्या होत्या. आपल्याकडच्या प्रचारात एवढी बारीक चर्चा कधी ऐकल्याचं आठवत नाही. असो.

मर्फी निवडून आले. जानेवारी २०१८ मध्ये शपथ घेतली. शंभर दिवस उलटले, वर्ष उलटलं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्यांच्याच पक्षाचं बहुमत, तरी मतांची जुळवाजुळव होईना. मार्च २०१९ मध्ये ठरलेलं मतदान ऐनवेळी रद्द करावं लागलं. शेवटी प्रश्न थेट जनतेपुढे ठेवला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, २२ फेब्रुवारी २०२१ ला कायद्यांवर सही झाली आणि पहिली दुकानं उघडली २१ एप्रिल २०२२ रोजी. शंभर दिवसांची चार वर्षं झाली. गंमत म्हणजे, गावात दुकान नको असं म्हणण्याची मुभा मिळताच बहुतेक नगरपालिकांनी ‘आमच्याकडे नको’ म्हणून कळवलं. कायदा हवा, दुकान मात्र दुसऱ्याच्या आळीत!

कायद्याने २१ वर्षांवरच्यांना सहा औंसांपर्यंत, म्हणजे साधारण १७० ग्रॅम गांजा जवळ बाळगायला परवानगी दिली. घरी रोप लावायला मात्र दिली नाही. आणि एक तरतूद अशी होती की शाळकरी मूल पहिल्यांदा सापडलं, तर पोलिसांनी लेखी समज देऊन सोडायचं, पण आईवडिलांना कळवायचं नाही. हे वाचून माझ्यातली बाई जागी झाली. मुलाला कोठडीत टाकू नका, हे शंभर टक्के मान्य. पण आईला सांगायचंच नाही? तिथल्या पालकांनीही ओरड केली, आणि महिना-सव्वा महिन्यात, २६ मार्चला, १८ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना कळवलंच पाहिजे अशी दुरुस्ती झाली.

माझ्या नोकरीच्या काळात नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात अशी पुडी निघाली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला तयार! आई फाटकाशी उभी होती, हातात दाखला, आणि विचारत होती, “बाई, त्यानं केलं तरी काय?” सगळ्यात आधी जिला कळायला हवं, तिला सगळ्यात शेवटी कळलं. एकीकडे नुसती शिक्षा, दुसरीकडे नुसती सूट. मधली जागा आईबापांची आणि शिक्षकांची असते, आणि ती जाहीरनाम्यात कुणी लिहीत नाही.

आता थोडं नागरिकशास्त्र. आपल्या राज्यघटनेत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची आहेत, आठवतं ना? दारू राज्याच्या अखत्यारीत. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली उठली, दोन्ही निर्णय राज्य सरकारचेच. गांजाचं तसं नाही. त्यासाठी १९८५ चा केंद्राचा अंमली पदार्थविरोधी कायदा आहे. त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांगेपुरतं राज्यांच्या हातात उरतं. आपल्याकडे आमदारकीच्या उमेदवाराने ‘गांजा कायदेशीर करतो’ म्हटलं, तर त्याला विचारावं, “बाबा रे, हे तुझ्या हातात आहे का?”

अमेरिकेत राज्यांचे फौजदारी कायदे वेगळे, म्हणून मर्फींना ते आश्वासन देता आलं. पण तिथेही वर केंद्राचा कायदा आहेच, आणि त्याने गांजाला अशी मोकळीक दिलेली नाही. एरवी सामान्य माणसाच्या वाटेला तो कायदा जात नाही. जातो तो परदेशी माणसाच्या. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राकडे.

माझ्या भाच्याचा मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला. माझी नात दोन वर्षांपूर्वी तिथेच एम.एस.ला गेली. दोघंही तेवीस वर्षांचे, एकमेकांकडे सारखं येणंजाणं. समजा एखाद्या पार्टीत दोघांच्याही हातात तीच सिगारेट आली. तो तिथला नागरिक, त्याला राज्याच्या कायद्याने मुभा आहे. ती विद्यार्थी व्हिसावर. सुट्टीला घरी येऊन परत जाताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं आणि तिने ‘हो, ओढला होता’ म्हटलं, तर तेवढी कबुलीसुद्धा तिला प्रवेश नाकारायला पुरू शकते. ग्रीन कार्डवाल्यांचंही तसंच. राज्यात कायदेशीर असलं, तरी गांजाशी संबंध हे नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगली वर्तणूक’ नाकारण्याचं कारण ठरू शकतं, असं तिथल्या नागरिकत्व विभागाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यात गांजाच्या परवानाधारक धंद्यातली नोकरीसुद्धा आली!

मी हे फोनवर नातीला सांगितलं. ती म्हणाली, “आजी, इथे कोपऱ्यावर दुकान आहे, पाटी लावून. कुणाला खरं वाटणार?” तेच तर! दुकानावर राज्याची पाटी असते, पासपोर्टवर केंद्राचा शिक्का. पाटी सगळ्यांना दिसते, शिक्क्याची आठवण ज्याची त्याने ठेवायची.

मर्फींनी लोकांना फसवलं असं मी म्हणणार नाही. उशिरा का होईना, काम झालं, आणि एका पुडीपायी कित्येक पोरांच्या आयुष्याचं मातेरं व्हायचं थांबलं, हे मोठंच काम आहे. २०२१ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडूनही दिलं. पण ज्या अन्यायाविरुद्ध हे सगळं झालं, एका पुडीची आयुष्यभराची शिक्षा, तो व्हिसावाल्यांच्या बाबतीत जिथल्या तिथे राहिला. त्यांना तिथे मत नाही, मग त्यांचा विचार जाहीरनाम्यात कोण करणार? तो आपणच करायचा.

तेव्हा ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी या रविवारच्या फोनवर हवापाणी आणि जेवणखाण विचारून झालं की हेही एकदा बोलून घ्या. रागावून नको, साधेपणाने. मुलं हसतील, ‘काय आजी तू पण’ म्हणतील. हसू देत. आणि तुमच्या घरी हे बोलणं कसं झालं, ते मला जरूर कळवा.